डॉक्सीच्या दोन गोळ्या

आमच्या तालुक्यात गुप्तरोगाचं पहिलं निदान मेडिकलच्या काउंटरवर होतं, आणि ते रोगी स्वतःच करून येतो. ‘ऊन लागलं वाटतं, युरिनला आग होऊन राहिली.’ ‘अंगात गरमी झाली.’ ‘खाली फोड आलाय, काहीतरी मलम दे ना भो.’ हे सगळं अर्ध्या आवाजात. मागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं की लगेच डोकेदुखीची गोळी मागायची. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लघवीची आग खरोखरच उन्हाने होते, त्यामुळे ही सबब फार सोयीची. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, पूसुद्धा आमच्याकडे उन्हाच्या खात्यावर जमा होतो.

दुकान वडिलांनी टाकलेलं. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कुठलं ते राहू द्या. माझ्याबद्दल गावाला एवढंच ठाऊक आहे की यानं लगीन केलं नाही. त्यापलीकडचं ज्यांना ठाऊक आहे ते माझ्यासारखेच आहेत, त्यामुळे तेही बोलत नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं, त्या दिवशी दुकानात नेहमीइतकीच गर्दी होती आणि त्या विषयावर एक अक्षर निघालं नाही.

दिवाळीत पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात तेव्हा काउंटरवरची भाषा जरा बदलते. गेल्या दिवाळीत असाच एक जण आला आणि मोकळेपणाने म्हणाला, “दादा, डॉक्सी द्या. शंभरची. दोन पट्ट्या.” ताप? नाही. मुरूम? नाही. “नंतरची आहे दादा,” असं म्हणून त्याने जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. माझ्याविषयी कुणीतरी सांगून ठेवलं होतं हे उघड होतं. चिठ्ठी नव्हती, त्यामुळे पट्ट्या मिळाल्या नाहीत. पण दुपारी गर्दी ओसरल्यावर परत ये म्हटलं, आणि तो आला.

‘नंतरची’ म्हणजे डॉक्सीपेप. कंडोमविना संबंध झाल्यावर ७२ तासांच्या आत, शक्यतो २४ तासांतच, डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम घ्यायच्या. चोवीस तासांत २०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या दोन शहरांत ५०१ जणांवर याचा अभ्यास झाला. सगळे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया, आणि सगळ्यांना मागच्या वर्षभरात सिफिलिस, गनोरिया किंवा क्लॅमिडिया यांपैकी एखादा गुप्तरोग होऊन गेलेला. एप्रिल २०२३ मध्ये निकाल छापून आले. एचआयव्ही टाळण्यासाठी प्रेपच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ज्यांना डॉक्सी दिली नव्हती, त्यांच्या तिमाही तपासण्यांत जवळपास ३२ टक्के वेळा काही ना काही सापडत होतं. ज्यांना दिली त्यांच्यात ११ टक्क्यांच्या आत. फरक इतका ढळढळीत की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही गोळी सरसकट सगळ्यांना नाही, तर ज्यांना बारा महिन्यांत एकदा तरी असा रोग झालाय अशांशी बोलून, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करूनच.

पोराला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते आमच्या धंद्यातलं. सिफिलिस आणि क्लॅमिडियावर ही गोळी चांगली चालते, गनोरियावर अर्धीमुर्धी. फ्रान्समधल्या अभ्यासात तर गनोरियावर फारसा गुण दिसला नाही, आणि आपल्या बाजूला त्या जंतूने या औषधाला कधीच भीक घालणं सोडलंय. एचआयव्ही, हर्पिस, कावीळ ब यांच्याशी तिचा काही संबंध नाही, कारण ते विषाणू. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून आतून जखम करते. रात्री उशिरा कुणाच्या खोलीवरून येऊन कोरडीच गिळायची आणि झोपायचं, हा आपल्या लोकांचा रिवाज. त्यात हे हमखास होतं. अॅसिडिटीचं औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घ्यायची नाही. आणि ऊन. डॉक्सी घेतलेल्या माणसाची कातडी उन्हात लवकर भाजते. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात हे कुणाच्या लक्षात येत असेल की नाही कोण जाणे. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत बाइकवर धुळ्याला जाणाऱ्याला सांगावंच लागतं.

गोळी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मुरमांसाठी पोरं-पोरी महिनोन्महिने हीच डॉक्सी खातात, तेव्हा जंतू सरावतील म्हणून कुणी व्याख्यान देत नाही. समलिंगी पुरुषाने महिन्यातून चार वेळा घेतली की सगळ्यांना प्रतिजैविकांची काळजी लागते. हा ढोंगीपणा बाजूला ठेवला तरी काळजी खोटी ठरत नाही, आणि ती समजून घ्यायला खानदेशी माणसाला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आपण कपाशी पाहिली आहे. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. फवारण्या कमी झाल्या, घरात पैसा दिसला. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट यायचं, कडेने चार ओळी लावायला, म्हणजे अळीला सरावायची घाई होणार नाही. ते पाकीट किती जणांनी लावलं ते आपल्याला माहीत आहे. बांधावर फेकलं. वर एक वेचणी जास्त मिळावी म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपलेली कपाशी, मार्चपर्यंत उभी ठेवली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली तेव्हा बियाण्याला शिव्या घातल्या. बियाणं खोटं नव्हतं, सोबतचे चार नियम कुणी पाळले नव्हते. डॉक्सीच्या बाबतीत ते चार नियम म्हणजे रक्त तपासणं, घशाची आणि गुदद्वाराची तपासणी करणं, जोडीदाराला सांगणं, आणि रोग झालाच तर उपचार पुरे करणं. नुसती पट्टी खिशात ठेवणारा फरदड उभी ठेवतोय.

केनियातल्या किसुमूला तरुण स्त्रियांवर हाच प्रयोग झाला तेव्हा गोळीचा काहीच फायदा दिसला नाही. मग काही जणींच्या केसांचे नमुने तपासले, कारण केसात औषध उतरतं. बहुतेक नमुन्यांत औषध नव्हतंच. गोळ्या दिल्या होत्या, पोटात गेल्या नव्हत्या. याला बाईचा निष्काळजीपणा म्हणणारे असतील. मला मात्र आमच्या गावातला विवाहित पुरुष आठवतो. घरात पट्टी सापडली तर कशाची सांगायची? कपाटात आईचे हात, पाकिटात बायकोचे, बाइकच्या डिकीत भावाचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाला गोळी ठेवायला खण असतो. हा फरक मिलिग्रॅममध्ये मोजता येत नाही, पण औषध चालेल की नाही ते यावरच ठरतं.

म्हणून मला वाटतं, आमच्याकडे तुटवडा गोळीचा नाहीच. गोळी बाराशे वस्तीच्या गावातही मिळते. तुटवडा आहे नीट विचारलेल्या एका प्रश्नाचा.

एक माणूस सांगतो. ओळख पटू नये म्हणून बरंच बदललंय. चाळिशीचा, बायको-पोरं असलेला, केळीच्या गाड्या भरून द्यायचा व्यवसाय. रावेर-सावद्याकडे नेहमीचं जाणं, महिन्यातून एखादी खेप गाडीसोबत दिल्लीपर्यंत. तो मूळव्याधीचं मलम न्यायला लागला. एक ट्यूब संपली, दुसरी नेली. डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, “बाहेर जाता का?” म्हणजे बाजारातल्या बाईकडे. त्याने खरं तेच सांगितलं, नाही. डॉक्टरांनी ‘मूळव्याध’ लिहिलं आणि तिखट बंद करायला सांगितलं. खानदेशात शेवभाजी बंद करायला सांगणं ही शिक्षाच, पण त्याने तीही भोगली.

दुसऱ्या खेपेला तो काउंटरवर नोटा मोजत होता. दहाच्या आणि वीसच्या, केळीच्या चिकाने काळ्या पडलेल्या बोटांनी. नोट उलटताना तळहात वर आला आणि त्यावर तांबूस डाग दिसले, मसुराच्या दाण्याएवढे, ना खाज ना खपली. मी त्याला आत बोलावून घेतलं, फ्रिजजवळ, जिथे इन्सुलिन ठेवतो. विचारलं, “दुखस का खाले?” तो म्हणाला, “नई ना भो, दुखत नई, तेच तं.” तळपायावरही असेच डाग होते.

सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो, आणि माणूस मलमाला श्रेय देतो. गुदद्वाराशी असला तर दिसतही नाही. मग काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. रोग जात नाही. वर्षानुवर्षं आत गप्प बसतो आणि पुढे मेंदू, डोळे, काळीज, काहीही धरतो.

मी त्याला हे सांगितलं आणि विचारलं, पुरुष की बाई? तो फ्रिजकडे पाहत राहिला. मग मी म्हटलं, “मी बी तसाच शे.” त्यानंतर तो जे बोलला ते लिहिणार नाही. शेवटचं वाक्य मात्र सगळेच म्हणतात तेच होतं: “कोनले सांगानं नई.”

तालुक्याच्या दवाखान्यात जायला तो तयार नव्हता, तिथे त्याचा चुलतभाऊ वॉर्डबॉय. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं, तपासणी आणि औषध फुकट. १०९७ या हेल्पलाइनवर पत्ता विचारता येतो. तो गेला. समुपदेशक ताईंनी फॉर्म भरताना गाव, वय, शिक्षण विचारलं आणि त्याच आवाजात पुढचं विचारलं: “पार्टनर बाई, पुरुष, की दोन्ही?” मान वर न करता. तो मला नंतर म्हणाला, त्यांनी मान वर केली असती तर मी उठून आलो असतो. पूर्ण जिल्ह्यात अशी प्रश्न विचारणारी किती माणसं असतील? आणि जी आहेत त्यांच्या बदल्या होतात.

रक्तात सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणी एकास बत्तीस, म्हणजे होकारार्थी. उपाय जुनाच, बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. दुधाळ, घट्ट, सुईत अडकणारं, आणि दुखणारं. बरेच खासगी डॉक्टर हे इंजेक्शन टाळतात, रिअॅक्शनच्या भीतीने, आणि त्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन लिहून देतात. त्या औषधाला सिफिलिसचे जंतू जगात ठिकठिकाणी दाद देईनासे झालेत. पेनिसिलिनला मात्र नाही. १९४३ मध्ये पहिल्यांदा सिफिलिसवर ते वापरलं, आणि ऐंशी वर्षं उलटूनही या एका जंतूला त्यावर तोड सापडलेली नाही. याउलट गनोरियाने सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रो असं एकेक औषध निकामी केलं. तरी काउंटरवर अजून ‘सिप्रोची एक पट्टी’ मागतात. सेफिक्झिम मागणाऱ्यांशी वेगळाच वाद होतो. ते २०१४ पासून एच-वन यादीत आहे, म्हणजे रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपून ठेवायचं. रजिस्टर दिसलं की माणूस निघून जातो आणि कुठेतरी बिननावाची अर्धीच गोळी घेतो. औषध वाचवायला केलेला नियम लाजेपुढे असा हरतो.

इंजेक्शनच्या रात्री त्याचा फोन आला. ताप भरला, अंग मोडून आलं, पुरळ लाल झालं. त्याला वाटलं आपण मरतोय. मेलेले जंतू एकदम फुटले की पहिल्या चोवीस तासांत असं होतं आणि पॅरासिटामॉलवर उतरतं, हे त्याला ताईंनी आधीच सांगितलं होतं. पण रात्री दोनला, बायको शेजारी झोपलेली असताना, सांगितलेलं कुठे आठवतं.

बायकोचा प्रश्न राहिलाच होता. समलिंगी पुरुषांच्या रोगांवरच्या लिखाणात बायका सहसा येत नाहीत, कारण ते लिखाण जिथलं आहे तिथे त्या माणसाला बायको नसते. आमच्याकडे असते. तुळशीचं लग्न लागलं की टिळ्यांचा मोसम सुरू होतो आणि चार-दोन हंगाम ‘नोकरी लागू दे’ म्हणून टाळलेला पोरगा पाचव्याला घोड्यावर बसतो. त्याने नाही म्हणायला हवं होतं असं मी एके काळी तावातावाने म्हणायचो. आता म्हणत नाही, कारण माझं दुकान वडिलांनी माझ्या नावावर केलेलं आहे आणि त्याचं शेत अजून बापाच्या नावावर आहे. पण त्या पोरीच्या रक्ताचं काय? ती गरोदर राहिली की प्राथमिक आरोग्य केंद्रात एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही तपासणी होते, आणि कित्येकदा नवऱ्याचा रोग तिच्या रिपोर्टमधून बाहेर येतो. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं. नाही तर पोटातच जातं, किंवा रोग घेऊन जन्मतं. आणि वस्तीत बोलणं होतं ते तिच्याबद्दल. सासू म्हणते, माहेरून आणलं.

केळीवाल्याने बायकोला ‘दोघांचं सगळं रक्त तपासून घेऊ, शुगर-बिगर’ म्हणून नेलं. तिलाही इंजेक्शन लागलं. तिला कशाचं सांगितलं ते मला माहीत नाही. मला ते रुचलेलं नाही, आणि त्याहून चांगली वाट मी त्याला दाखवू शकलो नाही.

क्लिनिकमध्ये औषधांची रंगीत पाकिटं असायची. लघवीतून किंवा गुदद्वारातून पू येतो, राखाडी. व्रण आहे, पांढरं. पेनिसिलिन सोसत नाही, निळं. जांघेत गाठ, काळं. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षण पाहून लगेच उपचार, ही कल्पना चांगलीच होती आणि तिने लाखो माणसं बरी केली असतील. पण ज्याला लक्षणच नाही त्याला कुठल्या रंगाचं पाकीट? घशातला गनोरिया बहुतेक वेळा काही दाखवत नाही. गुदद्वारातला क्लॅमिडियाही गप्प असतो. लघवी तपासली तर दोन्ही निसटतात. पुण्या-मुंबईत घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब घेऊन तपासता येतो, पैसे पडतात. इथे लॅबवाल्याला ‘खालचा स्वॅब’ म्हटलं तर तो आधी दार लावून घेतो.

कंडोमबद्दलही एक सांगून टाकतो, कारण हे काउंटरवरूनच दिसतं. कंडोम विकत घेतात, पण पाण्यातली जेली कुणी मागत नाही. मग खोबरेल वापरतात, व्हॅसलीन वापरतात, आणि तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होऊन फाटतं. काही जण लिग्नोकेनची जेली नेतात, दुखू नये म्हणून. ती बधीर करते, म्हणजे जखम झालेली कळतच नाही, आणि जखमेतूनच सगळं आत जातं. जेली काउंटरवर समोर मांडून ठेवायला मी सुरुवात केली तर आधी दुकानातल्या पोऱ्याने ती मागे सरकवली. मी पुढे आणली, त्याने मागे. हा खेळ आठवडाभर चालला. आता ती सोनोग्राफीच्या जेलीशेजारी उभी असते आणि कोणी काही विचारत नाही.

सगळ्यात अवघड, जोडीदाराला सांगणं. डेटिंग अॅपवर चेहरे नसतात, नावं खोटी, काम झालं की ब्लॉक. दोन किलोमीटरवरचा माणूस आहे हे फोन सांगतो, पण त्याला ‘रक्त तपासून घे’ हे सांगायची सोय राहत नाही. दिवाळीतल्या त्या पोराने यावर काढलेली युक्ती मला आवडली. भेटण्याआधीच तो लिहितो: ‘माझा शेवटचा रिपोर्ट या महिन्यातला आहे. मला काही निघालं तर तुला एक मेसेज करेन, तोवर ब्लॉक करू नकोस.’ निम्मे जण तिथेच पळतात म्हणाला. उरलेल्या निम्म्यांना भेटतो.

त्याला पट्टी मी अजून दिलेली नाही. पुण्यात त्याने डॉक्टर गाठला, स्वॅब झाले, घशात गनोरिया निघाला, ज्याचा त्याला पत्ताच नव्हता आणि ज्यावर डॉक्सीचा भरवसा नव्हताच. सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टरने डॉक्सी लिहूनही दिली, तीन महिन्यांच्या तपासणीच्या अटीवर. इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून अशा पुरुषांना मेनिंजायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली, गनोरिया काही प्रमाणात टळतो म्हणून, ती इथे मिळेल का असं त्याने मला विचारलं. म्हटलं, ती पुढची गोष्ट, कावीळ बची घेतलीस का? नव्हती घेतली. पहिला डोस त्याने दिवाळीतच इथे घेतला, दुसरा महिन्याने पुण्यात. तिसरा सहाव्या महिन्यात, म्हणजे अखाजीच्या सुमारास. घरी येणारच आहे, आईने आतापासून मुली पाहून ठेवल्यात. त्याबद्दल काय करायचं, हेही त्याने विचारलंय.